सावंतवाडीची गंजिफा : पाहुण्यांचा एक बैठा खेळ आणि त्यांतील ऐतिहासिक पुरावा

आषाढ-श्रावणांत तळकोंकणांत उतरलेल्या प्रवाशास दिवसाचा बराच भाग छपराखालीं काढावा लागतो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस, म्हणजे जुन्या सुंदरवाडीस, आलेला पाहुणा अशा वेळीं मोती तलावासमोरील राजवाड्याची वाट धरतो. तेथें दरबारच्या दालनांत चितारी मंडळी मांडी घालून बसलेलीं असतात, आणि त्यांच्यापुढें रुपयाहून मोठ्या वाटोळ्या चकत्यांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार रंगत असतात. पाहुणा कुंचल्याची करामत पाहतो, चार प्रश्न विचारतो, आणि बरी ऐपत असल्यास लाकडी डबींत भरलेला एक संच विकत घेऊन जातो. घरीं गेल्यावर ती डबी कपाटांत बसते, किंवा तींतील चार ठळक चित्रें कांचेखालीं जाऊन भिंतीवर लागतात.

यांत पाहुण्याचा दोष कांहींच नाहीं. त्याला चित्रें दाखविलीं, त्यानें चित्रें घेतलीं. परंतु गंजिफा हा चित्रसंग्रह नसून खेळ आहे, आणि त्याचा जो खरा ऐतिहासिक पुरावा आहे तो चित्रांत थोडा व खेळाच्या नियमांत फार आहे, असें आमचें मत असून तेंच या लेखांत साधार मांडावयाचें आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकवर्गापुढें हा विषय आणण्याचें कारण हेंच कीं, गंजिफांचा संच ही एक सुट्या पानांची पोथीच आहे, आणि सुट्या पानांच्या पोथीचे जे हाल होतात ते सर्व तिच्या वांट्यास आले आहेत.

प्रथम नांवाचा व कुळाचा विचार करूं. इजिप्तांतील ममलूक सुलतानांच्या काळचा पत्त्यांचा एक संच इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्यांत आहे. एल. ए. मायर या पंडितानें त्याचें विवेचन १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील एका पानावर 'कंजिफा' हा शब्द आलेला आहे. त्या संचांत चार रंग असून, प्रत्येकांत एक ते दहा आंकड्यांचीं पानें व तीन दरबारी पानें अशी मांडणी होती. म्हणजे नांव आपलेंच, पण रचना मात्र आपल्या गंजिफेहून निराळी, असा हा प्रकार आहे. हिंदुस्थानांत या खेळाचा पहिला निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. इ. स. १५२७ च्या उन्हाळ्यांत त्यानें मीर अली कुर्ची याच्या हातीं सिंधमधील शाह हसन अर्घून याजकडे गंजिफा पाठविल्या, कारण शाह हसनास त्या खेळाची गोडी असून त्यानें त्या मागितल्या होत्या. या खेळाची आपल्या देशांतील पहिली नोंदच एका दरबाराहून दुसऱ्या दरबारास गेलेल्या नजराण्याची आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पाहुणचार व नजराणा यांच्याशीं गंजिफेचा संबंध आजच्या प्रवाशानें जोडलेला नव्हे.

अबुल फज्लानें 'आईन-इ-अकबरी'ंत या खेळास स्वतंत्र जागा दिली आहे. प्राचीन ऋषींनीं बारा ही संख्या आधारास घेऊन बारा रंग व प्रत्येक रंगाचीं बारा पानें केलीं, असें तो सांगतो. एकंदर पानें १४४. रंगांचीं नांवें अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति, दलपति, नवपति अशीं चढत जाऊन वनपति व अहिपति येथवर पोंचतात. त्यांतील गजपतीस त्यानें ओढ्याच्या राजाचें व नरपतीस विजापूरच्या राज्यकर्त्याचें उदाहरण दिलें आहे. हत्तींचें बळ ओढ्याकडे व पायदळाचें बळ दक्षिणेंत, ही उत्तरेंतील दरबाराची समजूत खेळण्याच्या पानांवरून कळावी, हें मौजेचें आहे. पुढें अकबरानें या खेळांत फेरफार केले, असेंही तो लिहितो.

मोंगलाईत अखेर जो प्रकार स्थिरावला तो आठ रंगांचा व ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे ते आठ रंग. आपल्याकडे यासच चंगकांचनी गंजिफा म्हणतात. सफेद म्हणजे रुप्याचें नाणें, सुर्ख म्हणजे सोन्याचें. बरात म्हणजे सरकारी खजिन्यावरील लेखी हुकूम, आणि मोडी दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस 'वरात' हा शब्द परका नाहीं. कागदोपत्रीं ज्या वरातेनें शिबंदीचा पगार निघे ती वरात येथें एका रंगाचें चिन्ह होऊन बसली आहे. एकूण सर्व खेळ म्हणजे राज्याच्या कारभाराची छोटी प्रतिकृति आहे. मुकुट, तरवार, टांकसाळ, खजिना, नोकर, वाजंत्री, कोठार, सर्व कांहीं त्यांत येतें.

आतां दशावतारी गंजिफेकडे वळूं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक ते दहा आंकडे, मिळून १२० पानें. राजाच्या पानावर प्रत्यक्ष तो अवतार, प्रधानाच्या पानावर बहुधा घोडेस्वार, व बाकीच्या दहा पानांवर त्या अवताराचें चिन्ह तितक्या संख्येनें काढलेलें असतें. मत्स्याचा मासा, कूर्माचें कासव, परशुरामाची फरशी, रामाचा बाण व कल्कीची तरवार हीं चिन्हें सहज ओळखतात. शंख, चक्र, कमळ व कमंडलु यांची वांटणी मात्र प्रांताप्रांतांत व चिताऱ्याचिताऱ्यांत बदलते. प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन निराळ्या वर्णाची असते, म्हणून चिन्ह पुसट झालें तरी पान कोणत्या अवताराचें तें कळतें.

हा दशावतारी खेळ किती जुना? महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १८९५ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत विष्णुपूरच्या वाटोळ्या गंजिफांवर एक टिपण लिहिलें. त्या संचांत बुद्धाचा अनुक्रम पांचवा असून त्याचें चिन्ह कमळ आहे. पुराणांत बुद्ध नववा ठरला त्याच्या अगोदरची ही परंपरा असली पाहिजे, सबब हा खेळ मोंगलांच्याही कित्येक शतकें पूर्वींचा, अशी त्यांची विचारसरणी होती. शास्त्रीबोवांचा अधिकार मोठा, आणि अनुमान मनोहर. स्वदेशाभिमानास तें गोडही वाटतें. परंतु तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. खेळांतील अनुक्रम हा अवतारांच्या गणनेचा अनुक्रम असतोच असें नाहीं. तो डावाच्या सोयीनें ठरतो. एका प्रांतांतील एका अनुक्रमावरून हजार-बाराशें वर्षें मागें जाणें म्हणजे पोथीच्या एका पाठभेदावरून ग्रंथकाराचा शक ठरविण्यासारखें आहे.

याउलट नियमांकडे पाहावें. चंगकांचनी खेळांत आठ रंगांपैकीं चार रंगांत वजिराच्या खालोखाल दहाचें पान वरिष्ठ, मग नऊ, आठ, असें उतरत एक्का सर्वांत हलका असतो. उरलेल्या चार रंगांत क्रम उलटा, म्हणजे वजिराखालीं एक्का श्रेष्ठ व दहा सर्वांत कनिष्ठ. दशावतारींतही नेमकी हीच व्यवस्था आहे. दहांपैकीं पांच रंग सुलटे व पांच उलटे. अर्धे रंग उलटे करण्याची कल्पना इतकी विलक्षण आहे कीं ती दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचली असें मानणें कठीण. युरोपांतील ओंब्र वगैरे जुन्या पत्त्यांच्या खेळांतही कांहीं रंगांचे आंकडे उलटे चालतात. तेव्हां ही खोड या खेळांच्या फार दूरच्या पूर्वजापासून आली असावी.

याहून बोलका पुरावा डाव कोणीं सुरू करावयाचा या नियमांत आहे. चंगकांचनींत दिवसां खेळ मांडला तर सुर्खाचा राजा ज्याच्या हातीं असेल त्याची पहिली उतारी, आणि रात्रीं मांडला तर सफेदाच्या राजाची. सुर्ख म्हणजे सोनें, म्हणून सूर्य. सफेद म्हणजे रुपें, म्हणून चंद्र. दशावतारींत दिवसां रामाचा राजा व रात्रीं कृष्णाचा. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. राम माध्यान्हीं जन्मला, कृष्ण मध्यरात्रीं. ज्या कोणा चतुर पुरुषानें मोंगली खेळास वैष्णव रूप दिलें, त्यानें सूर्य-चंद्राचा नियम टाकून न देतां त्याचें असें सुंदर भाषांतर केलें कीं, रामनवमी व गोकुळाष्टमी पाळणाऱ्या कोणत्याही घरांत तो नियम सांगावाच लागूं नये. बंगालकडे याच धाग्यानें पुढें जाऊन, पाऊस पडत असतां कूर्म किंवा मत्स्य या जलचर अवतारांस अग्रमान देण्याची चाल असल्याचें सांगतात. ही चाल पावसाळी सावंतवाडीस शोभली असती!

तात्पर्य, दशावतारी खेळ हा दहा अवतारांच्या प्राचीन कोष्टकावरून उद्भवलेला नसून, मोंगली ढांचा घेऊन त्यावर आपल्या देवकथेचें कलम केलेला आहे. अबुल फज्ल इतक्या तपशिलानें लिहीत असतां दशावतारी प्रकाराचा उल्लेख करीत नाहीं, हेंही या मतास पोषक आहे. केवळ मौनावर भर देणें योग्य नव्हे, पण नियमांची साक्ष बरोबर असल्यावर मौनासही थोडें वजन येतें. आणि हा सर्व पुरावा कोणत्याही चित्रांत दिसत नाहीं! कोणते पांच रंग उलटे, पहिली उतारी कोणाची, हें पानावर कोठेंही लिहिलेलें नसतें. तें खेळणाऱ्याच्या मुखांत असतें, आणि खेळणारा गेला कीं पुरावा गेला.

सावंतवाडीस ही कला कशी रुजली याविषयीं स्थानिक परंपरा अशी आहे कीं, तेलंगणाकडून आलेल्या ब्राह्मणांबरोबर लाखेच्या रोगणाचें व गंजिफांचें काम अठराव्या शतकाच्या आरंभीं येथें आलें, आणि त्यांजपासून येथील चितारी लोकांनीं तें उचललें. तिसरे खेमसावंत यांची कारकीर्द (१७५५–१८०३) दीर्घ होती. त्यांचा विवाह जयाप्पा शिंदे यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशीं झाल्यानें वाडीचा संबंध थेट शिंदेशाहीशीं जुळला. राजवाड्याची मूळ बांधणी याच कारकिर्दीतील मानतात. अशा दरबारीं येणाऱ्याजाणाऱ्याची वर्दळ असणार व बैठ्या खेळांस मान असणार, हें उघड आहे. खेळण्यांचा धंदा आजही ज्या आळींत चालतो ती चितारआळी त्याच परंपरेची आहे.

पानांची घडण मोठी कष्टाची आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक डकवून, त्यांवर खडूचा लेप देऊन, घोटून गुळगुळीत केल्यावर वाटोळ्या चकत्या कापतात. मग जमिनीचा रंग, त्यावर आकृति, शेवटीं लाखेचें रोगण, पाठ एकरंगी. काठावर वेलबुट्टी असलेलीं पानें तीं 'दरबारी कलम', व काठ साधा ठेवलेलीं तीं 'बाजार कलम'. या भेदाकडे संग्राहक फार आदरानें पाहतात, परंतु आमच्या मतें बाजार कलमाचा संच इतिहासास अधिक उपयोगी. दरबारी संच पुष्कळदां नजराण्यांत गेला व डबींतच राहिला, तर बाजार कलमाचा हातांत झिजला. दशावतारीखेरीज नवग्रहांचा १०८ पानांचा व राशींचा १४४ पानांचा असेही संच येथें होतात. म्हैसूरच्या मुम्मडि कृष्णराज वडेयरांनीं (१७९४–१८६८) तर या खेळाचे तेरा प्रकार बसविले आणि त्यांतील सर्वांत मोठ्याचीं पानें ३६० पर्यंत नेलीं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

छापील इंग्रजी पत्ते स्वस्त मिळूं लागतांच हातानें रंगविलेल्या १२० पानांचा टिकाव लागणें शक्य नव्हतें. ५२ पानें खिशांत मावतात, पिसतां येतात, हरवलीं तर दुसरा जोड चार आण्यांस मिळे. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडींत गंजिफा करणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. शिवरामराजे भोंसले (निधन १९९५) व राणीसाहेब सत्वशीलादेवी (निधन २०१८) यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या चिताऱ्यांकडून स्वतः ही विद्या शिकून घेतली, राजवाड्यांतच कामाची जागा करून दिली व नव्या मंडळींस तयार केलें. हें ऋण थोर आहे. आज सावंतवाडीचा पाहुणा जें पाहतो तें या दोघांमुळें पाहतो. परंतु वांचली ती कला. खेळ मात्र तितकासा वांचला नाहीं. पान कसें करतात हें सांगणारे मिळतात, पानावर पान कसें टाकतात हें सांगणारा शोधावा लागतो.

म्हणून खेळाची रीत थोडक्यांत येथें नमूद करतों. दशावतारीस तिघे गडी लागतात व प्रत्येकास ४० पानें येतात. पानें वाटोळीं, म्हणून तीं पत्त्यांसारखीं पिसीत नाहींत. पांढरें वस्त्र अंथरून त्यावर उपडीं टाकून हातांनीं कालवितात. वांटणी व खेळ उजव्या हातास चालतो. पत्त्यांतल्यासारखा एखादा रंग इतर रंगांवर मात करीत नाहीं. दिवसां असल्यास रामाचा राजा ज्याच्याकडे तो, राजा व त्याजबरोबर एक हलकें पान मिळून टाकतो, व इतर दोघे आपलीं दोन दोन हलकीं पानें त्याला देतात. तेथून पुढें सारी मदार स्मरणावर. कोणत्या रंगांतील वरचीं पानें खर्चीं पडलीं, आतां कोणतें पान त्या रंगांत सर्वांत वरिष्ठ उरलें, हें दहाही रंगांत लक्षांत ठेवावें लागतें, आणि तेंही पांच रंग उलटे चालत असतां. बुद्धिबळांत पट डोळ्यांपुढें असतो; येथें पट डोक्यांत मांडावा लागतो. आमचे कित्येक मित्र पत्त्यांत तरबेज आहेत, पण या खेळास बसवलें तर तासाभरांत कपाळावर हात मारतील.

ही रीत पाहुण्यास शिकवितां येणार नाहीं काय? खुशाल येईल. राजवाड्यांत चितारी बसतात तेथेंच एक पांढरी बैठक घालून, एक साधा बाजार कलमाचा संच मांडून, दोघां जाणत्यांनीं येणाऱ्या पाहुण्यास तिसरा गडी म्हणून घ्यावें. आरंभीं चार रंगच घ्यावेत, दोन सुलटे व दोन उलटे, म्हणजे ४८ पानांत तिघांस १६ येतात व अर्ध्या घटकेंत डाव आटपतो. राम व कृष्ण हे दोन रंग मात्र वगळूं नयेत. बाहेर पाऊस कोसळत असतां याहून चांगली करमणूक त्या शहरीं दुसरी नाहीं, आणि पाहुणा संच घेऊन जाईल तेव्हां बरोबर नियमही घेऊन जाईल. त्याच प्रांतांतील दशावतारी नाटकांची उपमा येथें मनांत येते. रंगभूमीवर गणपति येतो, संकासुर येतो, पण दहाही अवतार कांहीं येत नाहींत; नांव दशावतार असून खेळ वेगळाच असतो, आणि तरी तो जिवंत आहे, कारण लोक तो रात्रभर बसून पाहतात. गंजिफेचे दहाही अवतार शाबूत आहेत, फक्त खेळणारा उठून गेला आहे.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. बाजारांत जुना संच आला कीं तो फोडून विकण्याची रीत पडली आहे. दहा राजे व दहा प्रधान, हीं वीस पानें सचित्र, म्हणून त्यांस गिऱ्हाईक; उरलेलीं शंभर आंकड्यांचीं पानें कवडीमोल. वीस चित्रें वीस घरीं गेल्यावर शंभर पानें कोठें जातात याची चौकशी कोणी करीत नाहीं. पोथींतील रंगीत चित्रें कापून घेऊन मजकुराचे कागद रद्दींत घालणाऱ्यास आपण काय म्हणतों, तें येथें पुनः लिहिण्याचें कारण नाहीं. चिन्हांची वांटणी, जमिनीचे रंग, चिताऱ्याच्या हाताची ठेवण हें सर्व त्या शंभर पानांतच असतें.

दुसरें असें कीं, संचांत मध्येंच निराळ्या हातचें, निराळ्या रंगाचें एखादें पान आढळलें तर तें 'बनावट' म्हणून काढून टाकूं नये. हरवलेल्या पानाच्या जागीं तें करवून घेतलेलें असतें, आणि जो संच खेळला गेला त्यांतीलच पान हरवतें. तोपकापीच्या ज्या संचाचा वर उल्लेख आला, तोही आज ४७ पानांचा असून त्यांत भरतीचीं पानें आहेत. म्हणून त्याची योग्यता तिळभर कमी झालेली नाहीं. काठांची झीज, अंगठ्याच्या डागानें काळवंडलेली बाजू, रोगणावरचे ओरखडे हीं वापराचीं चिन्हें आहेत. तीं घासून साफ करणें म्हणजे दप्तराच्या कागदावरील शिक्का खरवडण्यासारखें होय.

नवव्या राजाचें चित्र सर्वांच्या आधीं पाहावें. आपल्या प्रांतांतील जुन्या पंचांगांवर व दशावताराच्या पटांवर नवव्या स्थानीं विठ्ठल उभा असतो, पूर्वेकडे जगन्नाथ येतो. संच कोणत्या प्रांताचा याचा पहिला अंदाज याच पानावरून बांधतां येतो. त्यानंतर डबी. सरकत्या झांकणाच्या डबीच्या आंतील बाजूस किंवा तळाशीं मालकाचें नांव, शक, किंमत असा मजकूर असल्यास तो जसाच्या तसा उतरून घ्यावा, आणि डबी व पानें यांची ताटातूट करूं नये.

औरंगाबादकर पंडित हरिकृष्ण शर्मा यांनीं शके १७९३ (इ. स. १८७१) मध्यें 'क्रीडाकौशल्य' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचून आपल्या काळचे खेळ एकत्र केले. त्यांच्या हातून जें झालें तेंच आतां मराठींत, एका खेळापुरतें तरी, व्हावयास हवें. ज्यांच्या घरीं वडील माणसांनीं गंजिफेचे नियम, उलट्यासुलट्या रंगांची याद, अथवा उतारीचे बोल एखाद्या चोपडींत, पंचांगाच्या मागल्या पानावर किंवा हिशेबाच्या बंदांत टिपून ठेवले असतील, त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद मोडी असल्यास मोडीच पाठवावा, बालबोध करून पाठविण्याची खटपट करूं नये. ज्या घरीं असा कागद नाहीं पण खेळ पाहिलेली वृद्ध मंडळी आहेत, तेथें त्यांच्या तोंडून नियम उतरून घ्यावेत, आणि सांगणाऱ्याचें गांव व तो खेळ त्यांनीं कोठें पाहिला हें त्याखालीं लिहावें.